चवड्याखालची जखम: ऑक्सिजन, मशीन की प्लास्टर?

मधुमेहात शुगर ताब्यात, ड्रेसिंग वेळेवर, तरी चार आठवड्यांत पायाची जखम निम्मीही भरत नाही, तेव्हा डॉक्टर पुढचे उपाय सुचवतात. माझी डाव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी होती. चपलेत दिवसभर खडा होता, पण मधुमेहाने तळवा बधिर, मला पत्ताच नाही. चपलेला लागलेलं रक्त बायकोने दाखवलं.

दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन श्वासात घेण्याच्या टाकीत मी बसलो नाही. हवेच्या दोन-अडीच पट दाब, दीड-दोन तास, आठवड्याचे पाच दिवस, अशा तीस-चाळीस फेऱ्या. देवगडहून रोज घाट चढणार कोण? रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला तिचा उपयोग होऊ शकतो, एवढं खरं. लेझरही कुणी सुचवला होता. त्याचा पुरावा मला कच्चा वाटला.

मग व्हॅक, म्हणजे व्हॅक्यूमने जखम ओढून धरणारं मशीन. जखमेत फोम, वर फिल्म, नळीतून उणे १२५ मिमी पाऱ्याचा दाब, दर दोन-तीन दिवसांनी बदल. आठवड्यात लाल दाणेदार मांस दिसू लागलं, त्याला नावं ठेवणार नाही. ऑपरेशननंतरच्या खोल जखमेला तेच बरं असावं. पण तो बीप! जुलैचा घाम, बोटांच्या बेचक्यात फिल्म धरेना. रात्री दोनला गळतीचा बीप, लाइट गेली की बॅटरीचा. बायको टॉर्च घेऊन फिल्म दाबून धरायची, तोवर मशीन गप्प. बोट उचललं की पुन्हा सुरू. आणि एवढं करून संडासला जाताना मी त्याच चवड्यावर भार देत होतो.

शेवटी टोटल कॉन्टॅक्ट कास्ट, म्हणजे गुडघ्याखालपर्यंत पायाला घट्ट बसणारं प्लास्टर. डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या बधिर तळव्यांच्या जखमांसाठी प्लास्टर वापरत. भार सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो. मनात आलं तरी काढता येत नाही, हा माझ्यासारख्यासाठी मोठाच गुण. पहिलं दोन-तीन दिवसांतच बदललं, मग दर आठवड्याला. खाज सुटते, पावसात पिशवी बांधावी लागते, गणपतीत पाटावर बसता आलं नाही. सात आठवड्यांत जखम मिटली. व्हॅकने आधी जमीन तयार केली असेल, नाही म्हणत नाही.

मात्र पायाचा रक्तपुरवठा आधी तपासून घ्या. तो कमी असेल किंवा जखमेत पू असेल, तर हे प्लास्टर घालत नाहीत.

आता घरातही एमसीआरची, म्हणजे मऊ मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल असते. घालण्याआधी उलटी करून झटकतो.