ड्राइव्ह तोच, बिल मात्र नव्याचे

लॅपटॉपचा डिस्क ड्राइव्ह दुरुस्तीला टाकायच्या विचारात जे असतील, त्यांनी आधी माझा हा अनुभव वाचावा, अशी कळकळीची विनंती आहे.

वडिलांनी २००८ साली आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून नऊ सीडींवर उतरवून घेतल्या होत्या. आजी आता नाही, त्यामुळे त्या सीडींचे मोल आमच्या घरात पैशात करता येत नाही. यंदा वसमतला घरी हळदीची कामे चालू असताना मी पहिली सीडी लॅपटॉपमध्ये घातली, तेव्हा ड्राइव्ह दोन-तीनदा घुरघुरला आणि ‘डिस्क घाला’ असा संदेश दाखवून थांबला. नऊपैकी एकही सीडी लागली नाही. लग्नाची डीव्हीडी मात्र सुरळीत चालली.

नांदेडच्या एका दुकानात मी हे सगळे सांगितले, पण दुकानदाराने ते नीट ऐकूनही घेतले नाही. “सर, ड्राइव्ह उडालाय, अन् बोर्डावरचा आयसी, म्हणजे चिप, गेलाय,” एवढे बोलून त्याने लॅपटॉप ठेवून घेतला. तिसऱ्या दिवशी नव्या ड्राइव्हचे १,८००, बोर्डाचे ९०० आणि मजुरीचे ३०० असे ३,००० रुपये त्याने घेतले आणि साध्या कागदावर आकडे लिहून दिले. जुना ड्राइव्ह मागितला, तर तो भंगारात गेल्याचे कळले. समोर सीडी लागत होती, म्हणून मीही अधिक विचारले नाही, ही माझी चूक झाली.

बाराव्या दिवशी पुन्हा तीच घुरघुर सुरू झाली. ट्रे बाहेर काढला, तेव्हा त्याच्या राखाडी पट्टीच्या डाव्या कोपऱ्यात हळदीच्या बोटाचा पिवळा डाग दिसला. तो डाग माझ्याच बोटाचा, दुरुस्तीच्या आधीचा होता. मी तडक नांदेड गाठले. दुकानदार शांतपणे म्हणाला, “पट्टी जुनीच बसवावी लागती सर, नव्या ड्राइव्हला तुमच्या मॉडेलची पट्टी येत नाही.” हे म्हणणे खरे असते, आणि म्हणूनच अशा वेळी आपण निरुत्तर होतो.

माझ्या हाती पुरावा लागला तो भाच्यामुळे. दिवाळीत तो आला असताना त्या जागी दुसरी हार्डडिस्क बसते का, हे पाहायला त्याने तळाचा एकच स्क्रू काढून ड्राइव्ह बाहेर सरकवला होता आणि वरच्या लेबलचा फोटो काढला होता. आता पुन्हा ड्राइव्ह काढून पाहिला, तर लेबलवरचा अनुक्रमांक शेवटच्या अंकापर्यंत तोच निघाला. संगणकाच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये फक्त मॉडेल दिसते आणि त्याच मॉडेलचा नवा ड्राइव्हही तसाच दिसेल, म्हणून फोटो लेबलचाच हवा. दुकानात केवळ भिंगावरची धूळ पुसली गेली असावी, असे भाच्याचे मत पडले.

बोर्डाचे कारणही मुळात पटण्यासारखे नव्हते. सीडी ७८० नॅनोमीटरच्या अवरक्त लेसरने वाचली जाते, तर डीव्हीडी ६५० नॅनोमीटरच्या लाल लेसरने, त्यामुळे एक लेसर क्षीण झाला तरी दुसरा चालू राहू शकतो. बोर्डच बिघडला असता, तर डीव्हीडीही चालली नसती. म्हणून दुकानात जाण्याआधी दोन्ही प्रकारच्या डिस्क लावून पाहाव्यात, डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नव्हे, आणि भिंगावर फुंकर न मारता कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल अगदी जेमतेम लावून ते हलक्या हाताने टिपावे. एवढ्याने भागले नाही, तर कोणाचा तरी यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह मागून आणावा. माझ्या नऊपैकी आठ सीडी शेवटी अशाच मागून आणलेल्या ड्राइव्हवर उतरल्या. नववी खिडकीतल्या उन्हात राहिलेली होती, ती कुठेच लागली नाही.

फोटो पुढे ठेवून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करणार असल्याचे सांगितले, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, हेही त्याच्या कानावर घातले. त्याने ड्राइव्हचे १,८०० रुपये परत केले. बोर्डाचे ९०० मात्र त्याने दिले नाहीत, कारण त्या कामाचा फोटो माझ्याकडे नव्हता आणि पक्के बिलही नव्हते.