बाळ्याचं गुरगुरणं बंद झालं, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते

आमचा बाळ्या चार वर्षांचा आहे, गावठी, तांबूस. करी रोड स्टेशनच्या जिन्याखाली पावसात भिजत बसलेलं पिल्लू नवऱ्याने उचलून घरी आणलं, तेव्हापासून तो आमचा. गेल्या दिवाळीनंतर तो बदलला. बेल वाजली की दारावर धावून जायचा. डोक्यावरून हात फिरवायला कोणी वाकलं की गुरगुरायचा. घरात सासरे, दहा वर्षांचा मुलगा, दिवसभर येणारे डिलिव्हरीवाले. मी घाबरले आणि ट्रेनर शोधायला लागले.

बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी एक नंबर टाकला. तो माणूस दुसऱ्याच दिवशी हजर. छान टी-शर्ट, गळ्यात शिट्टी, मोबाइलवर सर्टिफिकेटचा फोटो. दहा मिनिटं बसला. बाळ्या कधीपासून असं करतो, काय खातो, कुठे झोपतो, डॉक्टरला दाखवलंत का, यातलं एक अक्षरही त्याने विचारलं नाही. म्हणाला, "मॅडम, हा डॉमिनंट आहे. तुम्हाला अल्फा बनावं लागेल. वीस सेशन, शंभर टक्के गॅरंटी." अठरा हजार, आणि सगळे आगाऊ दिले तर दोन हजार कमी. मी तिथल्या तिथे सोळा हजार यूपीआय केले. बिल मागितलं नाही.

हे अल्फा प्रकरण, म्हणजे कळपात एक म्होरक्या बाकीच्यांवर हुकूमत गाजवतो ही कल्पना, मी नंतर वाचलं. १९४७ साली शेंकेल नावाच्या संशोधकाने प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची भांडणं पाहून जे लिहिलं, त्यातून ही कल्पना पसरली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती घरोघर पोचवली, आणि त्याच डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. हे तेव्हा माहीत असतं तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवलं असतं.

"मालक समोर असला की कुत्रा ऐकत नाही," असं सांगून तो बाळ्याला खाली कंपाउंडमध्ये न्यायचा. चाळीस मिनिटांनी परत आणायचा आणि वीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवायचा. व्हिडिओत बाळ्या दगडासारखा बसलेला. आम्ही खूश! ते व्हिडिओ मी अजून पुसलेले नाहीत. आता बघते तेव्हा दिसतं की त्याचे कान मागे चिकटलेत, तो सारखी जीभ ओठांवरून फिरवतोय, झोप आलेली नसताना जांभया देतोय. ही भेदरलेल्या कुत्र्याची लक्षणं आहेत. तीन आठवड्यांत गुरगुरणं पूर्ण थांबलं. सासऱ्यांनी मजल्यावर पेढे वाटले.

मग एका सकाळी अण्णा, म्हणजे माझे सासरे, पेपर उचलायला वाकले. बाळ्या शेजारीच पडला होता. आवाज नाही, दात दाखवणं नाही, थेट मनगट धरलं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुतली आणि केईएम हॉस्पिटलला पळालो. बाळ्याची लस झालेली होती, तरी अण्णांना इंजेक्शनं घ्यावी लागली.

त्या संध्याकाळी वॉचमन म्हणाला, "वहिनी, तुम्हाला सांगू की नको असं चाललं होतं माझं. तो माणूस चेन खेचून कुत्र्याला पुढचे पाय जमिनीवरून सुटेपर्यंत वर उचलायचा. गुरगुरला की जास्तच." मी बाळ्याच्या मानेवरचे केस बाजूला केले. चेनच्या कड्यांच्या मापाने केस तुटलेले, खाली कातडी लाल. घरात किल्ल्यांचा जुडगा वाजला तरी तो कोपऱ्यात जाऊन शू करत होता, आणि मी त्याला रागावत होते.

गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचं "मला भीती वाटतेय किंवा दुखतंय, लांब राहा" एवढंच सांगणं. त्या माणसाने भीती घालवली नाही, ती बोलून दाखवायची सोय तेवढी काढून घेतली. फोन केला तर म्हणाला, कुत्र्याचा स्वभावच खराब आहे, महिनाभर माझ्या फार्मवर ठेवा, वीस हजार होतील. मी पैसे परत मागितले तर नंबर ब्लॉक. नऊ सेशन बाकी होती. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण माझ्याकडे यूपीआयचा स्क्रीनशॉट सोडून काही नाही. अजून एक रुपया आलेला नाही. आपल्याकडे डॉग ट्रेनर म्हणवून घ्यायला सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे तो आजही कुणाच्या तरी दारात उभा असेल.

पुढे एका ओळखीतून ज्या बाई आल्या, त्यांनी फोनवरच सांगितलं, आधी डॉक्टर. परळच्या जनावरांच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्ये नेलं, तर डाव्या कानात आत जुनं इन्फेक्शन. डोक्याकडे हात आला की तो का गुरगुरत होता ते कळल्यावर मी तिथेच रडले. इतके महिने त्याचा कान ठणकत होता आणि आम्ही त्याला अल्फा शिकवत होतो.

त्या बाई पहिल्या दिवशी दोन तास होत्या. बाळ्याला हातही लावला नाही. जमिनीवर तिरक्या बसून उकडलेल्या चिकनचे तुकडे लांबवर टाकत राहिल्या आणि आम्हालाच प्रश्न विचारत राहिल्या. हमी देत नाही असं स्पष्ट सांगितलं. पैसे दर भेटीचे, भेट झाल्यावर. काम सगळं आमच्याकडून करून घेतात, कारण बाळ्याला आमच्यासोबत राहायचंय. बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून आधी अगदी बारीक लावायचा, लगेच चिकन द्यायचं. तो शांत राहिला तरच आवाज एक घर वाढवायचा. कान टवकारून ताठ झाला तर आपण घाई केली, एक पायरी मागे. पाहुणे आले की तो जाळीच्या दाराआड. तोंडाला जाळीचा मझल, म्हणजे मुसकं, तोही पंधरा दिवस त्यात खाऊ ठेवून आवडीचा केलेला.

तुमच्याकडे कोणी ट्रेनर आला तर लीश हातात देऊन दार लावू नका. सेशनभर शेजारी उभ्या राहा. "मी बघणार" म्हटल्यावर जो नाराज होतो, त्याला एक रुपयाही देऊ नका.

चार महिने झाले. परवा अण्णा सोफ्याजवळून जात होते आणि बाळ्या हळूच गुरगुरला. अण्णा थांबले, दोन पावलं मागे सरकले, म्हणाले, "बरं बाबा, कळलं." बाळ्याने मान खाली टाकली. मी स्वयंपाकघरातून चिकनचा डबा घेऊन आले.