कूपर्स स्टाउट: घरी गडद बियर करण्यासाठी माल्ट अर्काचा डबा

कूपर्सच्या स्टाउटच्या, म्हणजे भाजलेल्या धान्याची चव असलेल्या काळ्या बियरच्या, डब्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. हा डबा म्हणजे तयार बियर नव्हे आणि त्यात नुसते पाणी व साखर ओतून जे हाती येते, त्यावरून त्याची परीक्षा करणे अन्यायाचे ठरेल. बियर करण्यातला जो भाग घरी सर्वांत जिकिरीचा असतो, तो या डब्यात उत्तम रीतीने उरकून दिलेला आहे. उरलेला भाग आपण किती मन लावून करतो, यावर पेल्यातली चव ठरते.

सातूला (बार्लीला) मोड आणून, वाळवून, भरडून तो गरम पाण्यात ठेवला की त्यातल्या पिष्टाची साखर होते आणि हे गोड पाणी आटवले की काकवीसारखा दाट माल्ट अर्क मिळतो. स्टाउटच्या डब्यात या अर्काबरोबरच भाजलेल्या सातूचा काळा रंग, त्याची करपट चव आणि हॉप्सचा (बियरला कडू चव देणाऱ्या एका वेलीच्या फुलांचा) कडवटपणा आधीच उतरलेला असतो, त्यामुळे तासभर हॉप्स उकळत बसावे लागत नाही. डबा 1.7 किलोचा असतो, त्यापासून 23 लिटर बियर व्हावी असे गणित असते आणि झाकणाखाली यीस्टची पुडी मिळते. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमध्ये 1862 साली थॉमस कूपर यांनी सुरू केलेली ही कंपनी आजही त्यांच्याच घराण्याकडे आहे. तिची स्वतःची स्टाउट बाटलीच्या तळाशी यीस्टचा साका ठेवूनच विकली जाते. घरी बाटलीत मुरवलेल्या बियरची जात तीच असल्यामुळे कंपनीच्या तयार बाटलीशी आपल्या बियरची तुलना करून पाहणे फार उपयोगी पडते.

हे सारे मी मेलबर्नमधून लिहितो आहे. ऑस्ट्रेलियात स्वतःच्या घरापुरती बियर करण्यास मुभा आहे, मात्र ती विकता येत नाही. ब्रिटनमध्ये 1963 पासून त्यासाठी परवाना लागत नाही आणि अमेरिकेत 1978 च्या कायद्याने केंद्रीय पातळीवर तशी मोकळीक मिळाली. महाराष्ट्रात मात्र 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा तिथल्या वाचकांनी हे परीक्षण केवळ माहिती म्हणून वाचावे.

अर्कापासूनच करायची असेल तर फिकट बियरऐवजी गडद बियर करावी, असे मी आग्रहाने सांगेन. माल्ट अर्क जुना होऊ लागला की तो काळवंडतो आणि त्याला एक शिळा, गोडसर वास येतो. फिकट बियरमध्ये हा दोष पहिल्याच घोटाला जाणवतो, तर स्टाउटमध्ये भाजलेल्या सातूची चव त्याला बरीचशी पोटात घेते. तरीही डब्यावरची तारीख पाहूनच खरेदी करावी, कारण झाकणाखालची पुडीही डब्याइतकीच जुनी असते आणि गोदामातल्या उष्णतेने यीस्टचा जोम कमी होतो. अशा पुड्या साधारणतः लहान असतात. 20 लिटरच्या वर बियर करायची असेल तर वेगळे घेतलेले 11 ग्रॅमचे एल यीस्ट (खोलीच्या तापमानाला आंबणाऱ्या बियरचे यीस्ट) मला अधिक भरवशाचे वाटते.

आता साखरेविषयी. या प्रकारच्या बहुतेक डब्यांबरोबर आणखी सुमारे एक किलो साखर किंवा माल्ट घालण्याची सूचना असते आणि पैसे वाचवण्यासाठी पुष्कळ जण साधी साखर घालतात. यीस्ट साधी साखर जवळजवळ पूर्णपणे फस्त करते. तिने अल्कोहोल वाढतो, पण बियरला अंग, म्हणजे दाटपणा, येत नाही, आणि स्टाउट पातळ लागली की तिचा कडवटपणा उघडा पडतो. त्याऐवजी एक किलो कोरडी माल्ट पावडर घालावी आणि 23 लिटरऐवजी 20 लिटरवर थांबावे. या प्रमाणात हायड्रोमीटर (द्रवाच्या घनतेवरून त्यातल्या साखरेचा अंदाज देणारे उपकरण) सुरुवातीला 1.044 च्या आसपास आणि शेवटी 1.012 च्या आसपास दाखवतो, म्हणजे अल्कोहोल चार टक्क्यांच्या थोडा वर जातो. माझ्या मते या डब्याचा सर्वांत चांगला उपयोग हाच.

याहून पुढे जायचे असेल तर दीड-दोनशे ग्रॅम भाजलेला सातू भरडून, कापडात बांधून 65 ते 70 अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा तास ठेवावा आणि ते पाणी गाळून, उकळून अर्कात मिसळावे. इतक्या थोड्या धान्याने एवढा फरक पडतो, यामागे इतिहासही आहे. स्टाउटची पूर्वज असलेली लंडनची पोर्टर ही गडद बियर पूर्वी तपकिरी माल्टपासून होत असे. हायड्रोमीटर वापरात आल्यावर त्या माल्टमधून साखर कमी मिळते हे उघड झाले, आणि 1817 साली डॅनियल व्हीलरने फिरत्या पिंपात माल्ट काळा भाजण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतल्यावर बरेचसे फिकट माल्ट आणि चिमूटभर काळे माल्ट हा मार्ग रूढ झाला.

कृतीतला कस लागतो तो स्वच्छतेत आणि तापमानात. अर्क गरम पाण्यात मिसळल्यानंतर बियरला लागणारी प्रत्येक वस्तू आधी धुऊन मग निर्जंतुक केलेली असावी. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे औषधासारखा वास येऊ शकतो, म्हणून पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची थोडी पूड पाण्यात आधी टाकावी. आंबवण 18 ते 20 अंशांवर ठेवता आले तर चव स्वच्छ राहते. पंचविशीच्या वर गेल्यास फळांसारखे तीव्र वास आणि घशाला झोंबणारे जड अल्कोहोल तयार होतात. मेलबर्नचा हिवाळा या कामाला सोयीचा. उन्हाळ्यात पिंपाभोवती ओले कापड आणि पंखा यांवर विसंबण्यापेक्षा जुना फ्रिज व तापमान-नियंत्रक वापरलेला बरा.

बाटल्या भरण्याची घाई करू नये. पिंपाच्या झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न येऊ देणाऱ्या नळीतले बुडबुडे थांबले म्हणजे आंबवण संपले, असे मुळीच नसते. दोन-तीन दिवस लागोपाठ हायड्रोमीटरचा आकडा तोच आला तरच बाटल्या भराव्यात. उरलेली साखर बाटलीत आंबली तर काच फुटून गंभीर इजा होऊ शकते. नवख्याने म्हणूनच 740 मिलिलिटरच्या प्लॅस्टिक बाटल्या घ्याव्यात. फेसासाठी अशा प्रत्येक बाटलीत साखरेच्या दोन तयार गोळ्या टाकायच्या असतात, 375 मिलिलिटरच्या बाटलीला एक पुरते.

दोन आठवड्यांत फेस येतो, पण तेव्हा ही बियर पिऊ नये. या टप्प्यावर करपटपणा टोकदार असतो आणि हॉप्सचा कडवटपणा वेगळा उठून दिसतो. अडीच-तीन महिने मुरल्यावर दोन्ही एकमेकांत मिसळतात, कोऱ्या कॉफीची आणि कडू चॉकलेटची चव पुढे येते आणि शेवट कोरडा, नीटस होतो. ओतताना बाटली एका हाताने तिरकी धरून तळाचा साका आतच राहू द्यावा, आणि बियर फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवावी, कारण बर्फगार स्टाउटला चवच कळत नाही. ज्यांना गोडसर, मऊ स्टाउट आवडते त्यांना हा डबा मूळ रूपात कडक वाटेल. त्यांनी अर्क गरम पाण्यात मिसळतानाच पाव किलो लॅक्टोज घालावे. बियरचे यीस्ट ती दुधातली साखर आंबवत नाही, त्यामुळे तिचा गोडवा टिकून राहतो.