पेठेतला इंग्रजी संभाषणाचा वर्ग: 12 रविवारांचा अनुभव

मी भोसरीला एका कारखान्यात परचेसमध्ये आहे. गेल्या दिवाळीनंतर इंग्लंडच्या एका सप्लायरला मेल टाकली, 'प्लीज सेंड द ड्रॉइंग टुडे.' प्लीज घातलं की झालं, अशी माझी समजूत. साहेबांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, हा हुकूम वाटतो. जरा नीट लिहीत जा." नीट म्हणजे कसं, ते कोणी सांगेना. म्हणून शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्यातला हा वर्ग लावला.

शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "दुकानात शेव कशी मागता?" आम्ही म्हटलं, "पाव किलो शेव द्या." "यात प्लीज कुठंय? तरी कुणाला उद्धट वाटलं का?" 'दे'चं 'द्या' झालं की आपला मान देऊन होतो. आजच्या इंग्रजीत तू, तुम्ही, आपण सगळ्यांना एकच 'यू'. मग तो मान 'कुड', 'वुड'मधून द्यावा लागतो.

त्याहून मला पटलं ते पुढचं. आपण कुणाच्या दारात जाऊन म्हणतो, "जरा काम होतं." काम आत्ता आहे, पण म्हणतो 'होतं'. समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. इंग्रजीतलं 'आय वॉज वंडरिंग' म्हणजे हेच. इतकी वर्षं हे वाक्य मला उगाच लांबण लावल्यासारखं वाटायचं.

एकदा बाईंनी एका मुलाला विचारलं, "वुड यू माइंड इफ आय सॅट हिअर?" तो लगबगीनं "येस, येस" म्हणत दप्तर उचलायला लागला. बाई उभ्याच. "अरे, तू मला बसू नका म्हणालास." प्रश्न 'हरकत आहे का' असा आहे, म्हणून बसू द्यायचं तर 'नो, नॉट अॅट ऑल'. मग प्रत्येकाकडून तीनतीनदा म्हणून घेतलं.

आता खटकलेलं. छापील नोट्स फार जुन्या आहेत, त्यात अजून 'काइंडली डू द नीडफुल' आहे. बाई स्वतः ते खोडायला लावतात. मग नव्यानं छापा ना! खोलीत आम्ही 28 जण, त्यामुळे दीड तासात बोलायची पाळी जेमतेम दोनदा येते. वाड्याचा लाकडी जिना उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. गाडी लावायला जागा नाही, बसनं या.

3,500 रुपये फी मला वसूल वाटली. परवा त्याच सप्लायरला लिहिलं, 'कुड यू सेंड द ड्रॉइंग बाय थर्सडे, इफ पॉसिबल?' बुधवारीच आलं, वर दोन ओळी चौकशीच्या. रविवारी सकाळी 9 ला एक तास फुकट बसून बघता येतं. मेल लिहिणाऱ्यांनी आपल्या दोन जुन्या मेल छापून न्याव्यात, बाई लाल पेनानं तपासून देतात.