"ताई, मी तुमचाही वकील आणि दादांचाही"

वडील गेले त्याच वर्षी दादाचा फोन आला. "सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायचीत, एक दिवस येऊन जा. वकील आपले नेहमीचेच आहेत."

दुय्यम निबंधक कार्यालयात पोचले तेव्हा कागद तयार होते. वर हक्कसोडपत्र लिहिलेलं पाहून मी विचारलं, यानं माझा हिस्सा जाईल का? वकील म्हणाले, "ताई, घरातल्या घरात दोन वकील कशाला? मी तुमचाही आणि दादांचाही. हे कागदापुरतं आहे." वडिलांच्या वेळेपासून ओळखीचा माणूस. मी सही केली, अंगठा दिला, फोटो काढला. फी दादानं दिली, तेव्हाच खरं तर विचार करायला हवा होता.

चार महिन्यांनी चुलतभावानं व्हॉट्सअ‍ॅपवर वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं. जाहीर नोटीस. आमचे अशील सदर मिळकत खरेदी करणार आहेत, कोणाचा हक्क वा हितसंबंध असल्यास 14 दिवसांत कळवावे. खाली नाव त्याच वकिलांचं आणि तारीख माझ्या सहीच्या सहा दिवस आधीची! म्हणजे जमीन घेणाऱ्याचे वकील तेच, दादाचे तेच, माझेही तेच. हरकत घेऊ शकणारी बाई त्या 14 दिवसांत त्यांच्यासमोरच बसली होती आणि त्यांनी तिची सही घेतली.

ते फक्त माझे वकील असते, तर हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो, हे त्यांना मला सांगावं लागलं असतं. गिऱ्हाईक ठरलंय, हेही सांगावं लागलं असतं. पण ते मला सांगितलं की दादाचं आणि खरेदीदाराचं नुकसान. तिघांचं हित एका वकिलाला सांभाळता येत नाही ते असं.

मग दुसऱ्या गावातल्या एका वकीलबाईंकडे गेले. मी रडत सांगायला लागले, तर त्यांनी हात करून थांबवलं. "हकीकत नंतर. आधी सगळ्यांची नावं सांगा." भाऊ, वहिनी, खरेदीदार, त्याची कंपनी, गट नंबर. सगळं त्यांनी आपल्या जुन्या प्रकरणांच्या नोंदीत तपासलं आणि मगच ऐकलं. यातल्या कुणाचं काम आधी केलं असतं, तर तुमचं एक वाक्यही ऐकलं नसतं, म्हणाल्या. ऐकलेलं गुपित डोक्यातून काढता येत नाही. त्यांच्याकडूनच कळलं की बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या नियमांप्रमाणे वकिलानं दुसऱ्या पक्षाशी असलेला आपला संबंध काम घेतानाच उघड सांगायचा असतो. एका बाजूला सल्ला दिला किंवा तिचं काम केलं, की त्याच प्रकरणात समोरच्या बाजूनं उभं राहता येत नाही. मधेच असा पेच निघाला, तर बाजूला व्हायचं. एकाला धरून दुसऱ्याला सोडायचं नाही.

1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम 35 खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे मी तक्रार दिली आहे. त्यानं जमीन परत येणार नाही, त्यासाठी हक्कसोडपत्र रद्द करण्याचा वेगळा दावा लावलाय. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत तो लावावा लागतो. ही मुदत फार बायकांना माहीत नसते, म्हणून मुद्दाम लिहिते. चुलतभावाचा तो मेसेज अजिबात पुसू नका, असं वकीलबाईंनी बजावलंय. मला कधी कळलं, त्याचा माझ्याकडे तेवढाच पुरावा आहे.