वर्षभर फोनची वॉरंटी वापरल्यानंतर: घाटंजी-पांढरकवडा पट्ट्यातला अनुभव

कॅमेरा कसा आहे, बॅटरी किती चालते, हे पहिल्या आठवड्यातच कळतं. वॉरंटी कशी आहे हे सेट बिघडल्याशिवाय कळत नाही, आणि तोवर बिल कुठंतरी गेलेलं असतं. हा अनुभव त्या बारा महिन्यांच्या वॉरंटीचा आहे. चार्जर, डिस्प्ले आणि बोर्ड (फोनच्या आतलं मुख्य सर्किट) या तिन्ही कामांसाठी ती वापरून झाल्यावर लिहिलेला.

आपल्याकडची, म्हणजे यवतमाळ जिल्ह्याच्या या तालुक्यांतली, पहिली अडचण अंतराची आहे. तालुक्याच्या गावात दुकानं भरपूर, पण बहुतेक ब्रँडचं अधिकृत सर्व्हिस सेंटर यवतमाळ, चंद्रपूर नाहीतर नागपूरला. एका खेपेत एसटीचं भाडं जातं आणि दिवसाची मजुरीही बुडते. तीन खेपा झाल्या की माणूस वॉरंटी सोडून देतो आणि तालुक्याच्या दुकानात पैसे मोजून काम करून घेतो. म्हणून पुढचं सगळं एका खेपेत काम कसं होईल या हिशेबानं आहे.

सुरुवात काउंटरवरच होते. ‘एस्टिमेट’ लिहिलेल्या कागदावर फोन घेऊ नका. पक्क्या बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक हवा (महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो), १८ टक्के कर ९ अधिक ९ असा वेगळा दाखवलेला हवा, आणि आयएमईआय, म्हणजे सेटचा ओळख क्रमांक, हवाच. *#०६# डायल केलं की १५ आकडी नंबर दिसतो. दोन सिमच्या सेटला असे दोन नंबर असतात. स्क्रीन, डबा आणि बिल, तिन्ही ठिकाणी तो जुळला पाहिजे. एक आकडा चुकला तरी सेंटरवाले कागद परत करतात. बिल दुकानदाराच्या ओळखीतल्या कुणाच्या नावानं नको, वापरणाऱ्याच्या नावानं घ्या.

बिल बहुतेक वेळा थर्मल कागदावर असतं. त्यावर शाई नसते, उष्णतेनं काळी पडणारी पूड असते. मे महिन्यात टिनाच्या घरात किंवा गाडीच्या डिक्कीत राहिलं की सगळा कागदच काळा होतो, आणि प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं तर अक्षरं पुसट होत जातात. त्याच दिवशी फोटो काढून स्वतःलाच ई-मेल करा आणि साध्या कागदावर झेरॉक्सही काढा.

दुसरी गोष्ट फार कमी लोक पाहतात. विक्रीचं टार्गेट भरायला काही दुकानदार सेट विकण्याआधीच चालू करून ठेवतात. अशा वेळी कंपनीच्या सिस्टिममध्ये वॉरंटी त्या दिवसापासून मोजली जाऊ शकते आणि घेणाऱ्याचे एक-दोन महिने जातात. पैसे देण्याआधी ब्रँडच्या वेबसाइटवर आयएमईआय टाकून वॉरंटीची तारीख बघा. सेट चोरीचा किंवा ब्लॅकलिस्टमधला नाही ना, तेही काउंटरवर उभ्या उभ्या एसएमएसनं कळतं: इंग्रजी अक्षरांत केवायएम, एक जागा सोडून आयएमईआय, आणि १४४२२ वर एसएमएस.

कार्डावर ‘१२ महिने’ ठळक छापलेलं असतं, पण डब्यातल्या चार्जर आणि केबलची मुदत बऱ्याच ब्रँडमध्ये सहाच महिने असते. आपल्याकडे आधी चार्जरच जातो. त्यावर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं. डीपीवरचा (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा) न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरात दाब त्याच्या कितीतरी वर चढतो. असा जळलेला चार्जर वॉरंटीत बसत नाही. वावरात मोटरपंपाच्या डब्यातून काढलेल्या प्लगवर फोन लावायची सवय तर सोडाच.

सेंटरला निघायच्या आधी तीन गोष्टी घरीच तपासा. चार्जिंग सैल वाटत असेल तर टॉर्चच्या उजेडात चार्जिंगच्या भोकात बघा. वेचणीच्या दिवसांत खिशातला कापूस आणि धूळ मिळून आत घट्ट गादी बसते आणि पिन शेवटपर्यंत जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं हळू काढा, सुई घालू नका. फोन हँग होत असेल तर सेफ मोडमध्ये, म्हणजे आपण टाकलेली ॲप बंद ठेवून, चालवा. तिथं नीट चालला तर दोष एखाद्या ॲपचा आहे. टचची शंका असेल तर सॅमसंगवर *#०*# आणि शाओमीवर *#*#६४८४#*#* यात कंपनीचीच चाचणी उघडते.

खरा वाद होतो तो गरम होण्याचा आणि नेटवर्कचा. फोन वावरात, तपनीत बंद पडतो. सेंटरच्या एसीत तासभर नीट चालतो. गावात रेंज जाते. नागपूरला पूर्ण दांड्या दिसतात. मग जॉबशीटवर, म्हणजे सेंटरनं दिलेल्या तक्रारीच्या कागदावर, ‘दोष आढळला नाही’ येतं आणि खेप वाया जाते. यावर उपाय व्हिडिओ. दुसऱ्याच्या फोननं, न थांबवता, आधी *#०६# ची स्क्रीन आणि लगेच त्याच सेटवरचा दोष टिपा. रेंजसाठी त्याच जागी, त्याच कंपनीचं सिम घातलेला दुसरा फोन शेजारी ठेवा. पण एक मान्य करावं लागतं: अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं. आपला मे महिना ४५ च्या पुढं जातो. त्यामुळे नुसत्या ‘गरम होतो’ या तक्रारीला वजन मिळत नाही. सावलीत, कव्हर काढून, साध्या कॉलवरही तापतो हे दाखवा.

पाण्याचं प्रकरण यापेक्षा कडक. सेटच्या आत पांढरी खूणपट्टी असते, पाणी लागलं की ती लाल किंवा गुलाबी होते. काही सेटमध्ये सिमच्या खाचेतून टॉर्च मारला की ती दिसते. पट्टी लाल दिसली की ‘लिक्विड डॅमेज’, आणि वॉरंटी संपली. ‘पाण्यात टिकतो’ अशी जाहिरात असलेल्या फोनलाही बहुतेक कंपन्या पाण्याचं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. फवारणीच्या वेळी फोन घामाच्या शर्टात न ठेवता प्लास्टिकच्या थैलीत ठेवलेला बरा. आणि तालुक्याच्या दुकानात सेट एकदाही उघडू देऊ नका. मागचा गोंद सुटलेला आणि स्क्रूवरचं सील फाटलेलं सेंटरच्या इंजिनिअरला लगेच दिसतं.

निघायच्या आदल्या दिवशी सेंटरला फोन करा आणि मॉडेल व रंग सांगून पार्ट हजर आहे का विचारा. डिस्प्ले फ्रेमसकट येतो, त्यामुळे रंग जुळला नाही तरी काम अडतं. सोबत बिल, ओळखपत्र, चार्जर आणि केबल न्या. सिम व मेमरी कार्ड काढून ठेवा, फोटोंचा बॅकअप घ्या. बोर्ड गेला तर आतला डेटाही गेला, कारण साठवणीची चिप बोर्डवरच असते. गुगल अकाउंट काढून सेट रीसेट करा. पासवर्ड लिहून देण्यापेक्षा हे कधीही चांगलं. फोनवरून करायच्या ई-पीक पाहणीची मुदत जवळ असेल तर ती आधी उरका.

जॉबशीट हाच पुढचा सगळा पुरावा. त्यावर आयएमईआय, तारीख, तुमच्या शब्दांतली तक्रार आणि सेटची बाहेरची स्थिती लिहून घ्या. ‘किरकोळ ओरखडे’ लिहिलं असेल तर कोणत्या कोपऱ्यात तेही, नाहीतर परतताना तडा गेलेला सेट हाती येतो आणि बोलायला जागा राहत नाही. नेताना आधी सेट तपासा, मगच ओटीपी सांगा. ओटीपी दिला की तक्रार बंद होते. वॉरंटी नाकारली तर कारण लेखी मागा, आणि लाल पट्टीचा किंवा तुटलेल्या भागाचा फोटो तिथंच काढा.

डिस्प्लेवर अचानक उभी हिरवी रेघ आली असेल तर मुदत संपली तरी विचारा. काही कंपन्यांनी अशा सेटची स्क्रीन एकवेळ मोफत बदलून दिली आहे. सेट पडलेला किंवा भिजलेला नसावा, एवढी अट असते.

फोन पहिल्या काही दिवसांतच खराब निघाला तर विक्रेताही बांधील आहे. ‘कंपनीकडे जा’ हे पूर्ण उत्तर नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं, आणि बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. ऑनलाइन घेतला असेल तर त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण द्यायचं असतं. किस्तीवर घेतला असेल तर रागानं किस्त थांबवू नका. ते कर्ज फायनान्स कंपनीचं असतं, आणि बुडालेल्या किस्तीचा डाग तुमच्या नावावर लागतो.

दाद मागायची तर आधी कंपनीला ई-मेल, जॉबशीट जोडून. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून क्रमांक ठेवा. बरीच प्रकरणं इथंच हलतात. नाहीच हललं तर जिल्हा ग्राहक आयोग. दुकान नागपूरचं असलं तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते.

बोर्ड बदलून मिळाला तर परतताना पुन्हा *#०६# लावा. नव्या बोर्डाबरोबर आयएमईआय बदललेला असू शकतो, मग तो ना बिलाशी जुळतो ना डब्याशी. जुना आणि नवा दोन्ही नंबर असलेली, शिक्क्याची जॉबशीट घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, आणि ती बिलालाच पिन मारून ठेवा.