फळपेयाची बाटली, शंभर टक्के रस की अख्खं फळ?

या तिन्हींची सवय मला कधी ना कधी होती, त्यामुळे यातलं काय निवडावं असं कुणी विचारलं तर मी अनुभवावरून बोलू शकतो.

साखरेपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांची गफलत तिथेच होते. गोड फळपेयात १०० मिलिलिटरला साधारण १० ते १३ ग्रॅम साखर असते. साखर न घातलेल्या संत्र्याच्या रसातही ८ ते १० ग्रॅम भरतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीत रसातली साखरही ‘मुक्त साखर’ धरली आहे, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्याच गटात. ही साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवा, असं ती शिफारस सांगते. २००० कॅलरींच्या आहारात हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. म्हणजे फळपेयाची अर्धा लिटरची बाटली संपवली की दिवसाची मर्यादा गाठलीच.

तरी रस फळपेयापेक्षा उजवा आहे, हे मान्य करायला हवं. त्यात पोटॅशियम आणि फोलेट फळातूनच आलेलं असतं. फळपेयाच्या घटकांची यादी मात्र बहुधा पाणी आणि साखरेनेच सुरू होते, आणि ‘क’ जीवनसत्त्व अनेकदा वरून घातलेलं असतं. ते शरीराला चालतं, पण तेवढ्यासाठी इतकी साखर कशाला प्यायची?

माझा निर्णय मात्र साखरेवरून झाला नाही, बाटलीच्या टोपणावरून झाला. टोपण असलं की बाटली टेबलावर राहते. दोन घोट घ्यायचे, टोपण लावायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा उघडायचं. माझी एक बाटली अशी दुपारभर पुरायची आणि ‘थोडंच तर पितोय’ असं मला मनापासून वाटायचं. पुढे गार पाण्याने दात शिवशिवायला लागले. दंतवैद्यांनी विचारलं, ‘किती पिता?’ आणि लगेच पुढे, ‘किती वेळ पिता?’ त्या दुसऱ्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. ही पेयं आंबट असतात, आणि तोंडातला सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण ५.५ च्या खाली गेला की दातांवरचं कवच विरघळू लागतं. लाळ ते सावरते, पण तिला अर्धा-पाऊण तास लागतो. मी तिला पंधरा मिनिटंसुद्धा देत नव्हतो. या बाबतीत शुद्ध रसही निर्दोष नाही. फक्त तो मी पेल्यात ओतून जेवणाबरोबर एकदाच घेत असे, म्हणून त्रास कमी झाला असावा.

संत्रं सोललं की पाच-दहा मिनिटांत संपतं. त्यात १२ ग्रॅमच्या आसपास साखर असते, पण सोबत ३ ग्रॅम चोथाही असतो. पोटाला काहीतरी खाल्ल्यासारखं वाटतं. पेल्याभर रसात अशी तीन संत्री जातात, आणि तासाभरात मला पुन्हा भूक लागायची. सगळ्यांचं असंच होईल असं नाही.

चावण्याचा त्रास असेल किंवा आजारपणात काही खाववत नसेल, तर रस जरूर घ्यावा. लहान मुलांसाठी विचारत असाल तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये वर्षाच्या आतल्या बाळाला रस देऊच नये आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला १२० मिलिलिटरपेक्षा जास्त देऊ नये असं सांगितलं आहे.

माझ्या टेबलावर आता पाण्याची बाटली असते आणि शेजारी एखादं फळ. फळपेय आवडतच असेल तर निदान ते पेल्यात ओतून, जेवताना प्या.